वाकळेवरची झोप

आमच्या घरची सून भर दुपारी नगरपालिकेच्या बागेत पाय पसरून झोपते, आणि ही गोष्ट मला मालन रोडेच्या तोंडून कळते, याच्याइतकं वाईट वागणं मी इचलकरंजीत दुसरं पाहिलं नव्हतं. चोरी केली असती तर चार माणसांत बसून मिटवलं असतं. झोपेचं काय मिटवणार?

मालनची आणि आमची भिंतीला भिंत. ती कधी आत यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून काय ते सांगायची, म्हणजे सांगून झालं की पळायला सोपं. आमचे यंत्रमाग चालू होते, त्यामुळे आम्ही दोघी ओरडूनच बोलत होतो. आमच्या गल्लीत गुपित सांगायची तीच रीत.

"मी म्हटलं, कोण भिकारीण असंल," ती म्हणाली. "जवळ जाऊन बघते तर तुमची वैजयंता. बरं, बसलेली न्हवं हं आक्का. आडवी. तोंडावर पदरसुद्धा न्हाई."

"तू बागेत काय करत होतीस?"

"मी कशाला जाते बागेत? रस्त्यानं चालले होते, कुंपणातनं दिसली."

"रस्त्यानं चाललेल्या माणसाला जवळ जाऊन कसं बघता येतं गं?"

तिनं पदर सारखा केला. "तुमच्या कानावर घालायचं म्हणून घातलं. माझ्या सुनेनं असं केलं असतं तर मी बाई विहीर जवळ केली असती."

"तुझ्या सुनेनं नांदायला नको म्हटलं तेव्हा केली नाहीस ती," मी म्हटलं आणि दार लोटलं. पण दार लोटून काय होतं? बोलणं आत आलेलं होतं.

वैजू आजऱ्याकडची. झाडीतलं गाव, घरं कमी आणि पाऊस फार. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोरगी कामाला वाईट नव्हती, पण सदा पेंगुळलेली. भाकरी थापता थापता हात थांबायचा. डोळे तांबडे. मला वाटायचं, मागांचा आवाज सोसत नाही तिला. आमचे माग घराच्या पाठीमागच्या शेडमध्ये, सकाळपासून सुरू. आम्हाला त्या आवाजाचं काही नाही, उलट लाईट गेली आणि माग थांबले की गल्लीतली सगळी पोरं दचकून उठतात. बाहेरून आलेल्या पोरींना वेळ लागतो. मलाही लागला होता. मी कुणाला सांगत बसले नव्हते.

गजानन, माझा मुलगा, गावाच्या दुसऱ्या टोकाला सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, असायचा. त्याचा डबा रोज वैजू पोचवायची. जायची वेळेवर, यायची उन्हं कलल्यावर. विचारलं तर म्हणायची, "ऊन होतं आत्ती, जरा थांबले." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. कधी म्हणायची, पाय दुखला. कधी म्हणायची, वाटेत मोर्चा होता. रोज मोर्चा निघायला इचलकरंजी काय मुंबई आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गजा भाकरी खात होता, तेव्हाच मी त्याला सांगून टाकलं. "आज मी स्वतः जाऊन बघणार. खरं निघालं तर संध्याकाळच्या आजऱ्याच्या गाडीत तिला बसवून देणार. राहू दे माहेरी. तिथं झोपायला जागा पुष्कळ आहे."

"आई, झोपली तर झोपली."

"मग तूही जा तिच्याबरोबर. दोघं झोपा."

त्यानं भाकरीचा शेवटचा घास घेतला आणि उठला. माझा नवरा गेल्यापासून या घरात माझं बोलणं झालं की बोलणं संपायचं. वैजू आत ताट घासत होती. माग चालू होते, तिनं ऐकलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

ती डबा घेऊन गेली. डबा पोचवून बागेत यायला तिला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला, मग मी निघाले. इरकली नेसले, कारण असल्या कामाला घरच्या लुगड्यात जाता येत नाही. हातात पिशवी घेतली. पिशवीत काही नव्हतं. पण बाईच्या हातात पिशवी नसली की रस्त्यात भेटेल तो विचारतो, कुठं निघालात. पिशवी असली की त्याला वाटतं, कळलं.

पाण्याच्या मोठ्या टाकीमागं नगरपालिकेनं कधीकाळी ती बाग केली होती. फाटक होतं, त्याला कुलूप मी कधी बघितलं नाही. मधे एक कारंजं, त्यात पाण्याऐवजी पाचोळा. कडेकडेनं पुरुषभर उंचीची मेंदी, आणि मेंदीच्या आडोशाला सिमेंटचे बाक. बायकांना निवांत बसता यावं म्हणून आडोसा केला होता म्हणे. कुणा पुरुषाला सुचलं असणार.

मी आधी तिथंच शोधलं. झोपायचं तर आडोशालाच झोपेल, अशी माझी समजूत. पहिल्या बाकावर एक दारुडा तोंडावर टोपी घालून पडलेला. पुढं बाटल्या. त्याच्याही पुढं काहीजण पत्ते खेळत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोलायचे थांबले. एवढंच झालं. कुणी काही म्हटलं नाही, उठलं नाही. पण मला तिथून फिरता येईना, पाठ करवेना त्यांच्याकडं. एका हाकेत मागावरचे कामगार उभे करणारी मी, पिशवी छातीशी धरून आडवी आडवी चालत त्या मेंदीच्या बोळातून बाहेर पडले. आणि अशा जागी माझी सून झोपते, या विचारानं माझं डोकं इतकं तापलं की आजऱ्याची गाडी मला तिथंच समोर दिसायला लागली.

बाहेर उजेडात आले, आणि ती दिसली.

आडोशाला नव्हती. बागेच्या अगदी मधे होती, जिथं चारी बाजूंनी नजर पडते, रस्त्यावरूनसुद्धा. तिथं करंजाची झाडं होती, आणि ती फुलली होती. करंज फुलला की दिसत नाही फारसा, गळायला लागला की दिसतो. बारीक पांढरीजांभळी फुलं, वारा नसतानाही गळत होती, आवाज न करता, जणू वर बसून कुणीतरी सुपानं पाखडत होतं. त्यांच्याखाली जमीन स्वच्छ झाडलेली, आणि तिच्यावर भलीमोठी वाकळ पसरलेली. जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक घातलेली. कडेनं चारपाचजणी मांडी घालून टाके घालत बसलेल्या. कोपऱ्यांवर दगड. आणि त्या सगळ्याच्या मधे, हिरव्या काठाच्या कुणाच्या तरी लुगड्यावर, वैजू.

कुशीवर झोपली होती. एक हात गालाखाली, दुसरा मोकळा पसरलेला. तळहात उघडा. केसांत, गळ्यावर, पापणीवर फुलं. तोंड जरासं उघडं.

आमच्या घरी ती झोपायची ती भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. मी खोलीत पाऊल टाकायच्या आत उठून बसलेली असायची. झोपलेली वैजू कशी दिसते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

मी पुढं झाले, हाक मारायला तोंड उघडलं.

"पाय," कुणीतरी म्हणालं.

"काय?"

"पाय काढा वाकळंवरला. चप्पल हाय."

बोलणारी बाई वर न बघता शिवत होती. वाळकी, काळी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाकीच्या तिला येसाक्का म्हणत होत्या. मी पाय काढला. का काढला ते माहीत नाही.

"ती माझी सून आहे," मी म्हटलं.

"असू दे की. आवाज बारीक करा."

"मी तिला उठवायला आलेय."

"आत्ता न्हाई उठवायचं. वजनाला हाय ती."

"कशाला?"

"वजनाला." येसाक्कानं दोरा दातानं तोडला. "वाकळ मधी फुगती बघा. दगूड ठेवला की तेवढ्याच जागी दबतंय, बाकी फुगून वर येतंय. माणूस झोपलं की सारखं बसतंय. आम्ही कडंनं शिवत आत येतो. टाकं तिच्यापतुर आलं की वाकळ झाली आन झोप झाली."

"मग उठवतं कोण?"

"कोण कशाला उठवतंय? सुई अंगाजवळ आली की डोळा आपसूक उघडतोय. कधी टोचली न्हाई अजून."

पलीकडची एक तरणी बाई हसली. "एकदा टोचली की वो. येसाक्काचा चष्मा इसरला होता तवा."

"तू टाकं मोज तुझं," येसाक्का म्हणाली.

"आणि या कामाचं तिला काय देता तुम्ही?" मी विचारलं. घरची सून कुणाकडं राबते आणि मला पत्ता नाही, असं असेल तर तेही कळायला हवं होतं.

"झोप," येसाक्का म्हणाली.

मी उभीच होते. माझी सावली वाकळेवर पडली होती, आणि त्या सावलीत टाके दिसेनात म्हणून एकजण सारखी इकडंतिकडं सरकत होती.

"बसा की वो तिथं कोपऱ्यावर," येसाक्का म्हणाली. "तिथला दगूड पोरांनी क्रिकेटला न्हेला, स्टंप कराया. कड सारखी उचलाय लागलीया."

"मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? फलक्यांची भागीरथी."

"बरं झालं. फलक्यांचं वजन चांगलं असतंय."

"मी काय धोंडा आहे?"

"धोंडा असता तर बोलला नसता."

सगळ्या हसल्या, पण हलक्यानं, मधल्या झोपेला धक्का लागणार नाही एवढंच. मी बसले. बसण्यात माझाही हिशेब होता. हिनं डोळे उघडले की समोर मी दिसावी, म्हणजे निम्मं बोलायचं काम वाचेल. चपला काढून कडेला ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि फाटकाकडं बघत बसले.

"ही पहिल्यांदा आली कशी इथं?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"आली डबा घेऊन एकदा," येसाक्का सांगायला लागली. तिचा हात बोलण्यानं थांबत नव्हता. "आधी त्या मेंदीकडच्या बाकावर टेकली. लगी उठली. मग कारंजापाशी बसली. तिथं एक सायकलवाला येऊन शेजारी बसला. तिथनं उठली, रस्त्याकडंला बसली. तिथं दुसरा. आम्ही बघालतोय हितनं. पोरगी झोपंनं डुलालीया, आन बूड टेकाय जागा न्हाई. मी म्हटलं, ये पोरी, ही कड धर जरा. कड धरली, आन धरल्या धरल्या झोपली. बसल्या जागी."

"घर आहे की तिला. घरी झोपावं."

सुई कापडातून जायची, दोरा मागून ओढला जायचा, सर्र, सर्र. आमच्या मागांचा आवाज मी जन्मभर ऐकला, पण दोऱ्याला आवाज असतो हे तिथं कळलं.

ऊन झाडांच्या वर होतं, खाली नुसता उजेड. एक माणूस वर्तमानपत्र घेऊन आला आणि समोरच्या बाकावर बसला. पेपर उघडला, पण बघत होता पेपरवरून. आधी माझ्याकडं, मग मधे झोपलेल्या वैजूकडं, तिच्या उघड्या पायांकडं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार, तेवढ्यात येसाक्का म्हणाली, "दादा."

तो दचकला.

"नजर लई चांगली हाय तुमची. लांबचं दिसतंय. ही सुई ववून द्या की जरा, आमचं डोळं गेलं."

तो माणूस लालबुंद झाला. मला वाटलं, उठून जाईल. पण तो आला, खाली बसला, दोरा जिभेवर ओला केला आणि सुई ओवायला लागला. दोरा भोकात जाईना. दोनदा चुकला. तरण्या बाईनं हसू दाबलं. शेवटी ओवली त्यानं.

"आणिक एक हाय," येसाक्का म्हणाली.

तीही ओवून दिली. मग तो आपल्या बाकावर जाऊन बसला आणि यावेळी खरंच पेपर वाचायला लागला. जाताना तर म्हणाला, "येतो मावशी." येसाक्का म्हणाली, "या." जसं काही तो तिच्या घरी येऊन चहा पिऊन निघाला होता.

वाऱ्याची एक झुळूक आली. वाकळेची कड उचलली.

"अजून आत सरका," येसाक्का म्हणाली. मी सरकले. पुन्हा झुळूक आली. "आडव्या व्हा की. एवढं वजन एका जागी घालून काय उपेग?"

"रस्त्यावरून लोक बघतात."

"बघू देत. बघून काय वाकळ उसवंल का?"

"मी या गावात इतकी वर्षं काढली. कधी कुठं आडवी झाले नाही."

"मग दमला असाल," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. साधं म्हणाली, जसं ऊन आहे म्हणावं.

विचार केला, तर खरंच आठवेना. या गावात मी थांबले ती रेशनच्या रांगेत. बसले ती दवाखान्याच्या बाकड्यावर, कुणाच्या तरी उशाशी. नदीवर गेले ती धुणं घेऊन, देवळात गेले ती ताट घेऊन. हातात काही नाही आणि कुठं जायचं नाही, अशी मी घराबाहेर क्षणभर उभी राहिलेली मला आठवेना. कोपरावर टेकले, नुसती टेकले, कड दबावी म्हणून. पिशवी डोक्याखाली कधी गेली ते कळलं नाही. वर करंज होता. फुलं सरळ खाली येत नव्हती. थोडी खाली यायची, मग जागच्या जागी फिरायची, मग विसरल्यासारखी पुन्हा खाली यायची. एक माझ्या ओठावर पडलं. पुसायला हात उचलावा असं वाटलं, आणि उचलला नाही.

मग सगळं गाव सपाट झालं.

म्हणजे स्वप्नच ते, पण मला डोळे उघडे असल्यासारखं दिसत होतं. आमची गल्ली, टाकी, बाजार, नदी, सगळं कुणीतरी झटकून जमिनीवर पसरलं होतं, आणि त्याच्या चारी कडांना बायका बसल्या होत्या. काही ओळखीच्या, काही मरून गेलेल्या. माझी आई होती, तिच्या हाताला पीठ होतं. त्या कडेनं शिवत होत्या आणि घरं हळूहळू एकमेकांना जोडली जात होती. घरांना भिंती नव्हत्या. आमचे माग थांबले होते, पण कुणी दचकलं नव्हतं. मग लांबून हाक आली. अगं ए. आवाज ओळखीचा, मोठा, घाईचा. अगं ए, ऐकू येत नाही का? मी वाट बघितली, कोण उठतंय म्हणून. कुणीच उठलं नाही. सुया चालू होत्या. हाक पुन्हा आली, आणि मला कळलं की हाक मलाच आहे, आणि मी उठले नाही तरी चालतंय. हाक येत राहिली, लांब लांब जात राहिली, पाखरासारखी, आणि मी त्या वाकळेवर खोल खोल जात राहिले. कुणीतरी माझ्या अंगावर सावली धरली होती.

डोळे उघडले तर सावली खरी होती. वैजू माझ्या उशाशी बसली होती, पदर पसरून माझ्या तोंडावरचं ऊन अडवत. तिच्या केसांत अजून फुलं होती. तोंड असं केलं होतं जसं परीक्षेत नापास झालेल्या पोराचं.

"आत्ती," ती म्हणाली.

मला जे बोलायचं होतं ते सगळं सकाळपासून तयार होतं. पण झोपेतून उठल्यावर माणसाचा आवाज त्याचा राहत नाही. "घरात झोपायला काय होतं तुला?" एवढंच आलं. "मागांचा आवाज सोसत नाही?"

"आवाजाचं काही नाही आत्ती. आवाजात लागते मला झोप." ती नखानं वाकळेचा एक टाका खरवडत राहिली. "हाक येईल असं वाटत राहतं. डोळा लागत आला की वाटतं, आली. मग कान उघडाच राहतो."

"कुणाची हाक?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. येसाक्काची सुई थांबली होती, तेवढ्यापुरती.

"अगं बाई, आक्का."

मालन. बागेच्या वाटेवर उभी, हातात भाजीची पिशवी. रस्त्यानं चालली असणार, कुंपणातनं दिसलं असणार. तिची नजर माझ्यावरून फिरली, चपला कुठं, पदर कुठं, केस कसे, सगळं बघून झालं. मी झटक्यात उठायला गेले, आणि उठता येईना. खांद्याला हिसका बसला. मागं बघते तर माझ्या इरकलीचा पदर वाकळेच्या कडेला शिवलेला. चांगला वीतभर, बारीक, सरळ टाके.

"ह्या रखमीनं केलं," येसाक्का त्या तरण्या बाईकडं बोट करून म्हणाली. "लाल दिसलं की शिवत सुटती. ठिगळ वाटलं तिला."

तरण्या बाईनं तोंडावर हात ठेवला.

"आत्तींना चक्कर आली," वैजू घाईघाईनं मालनला सांगायला लागली. "ऊन लागलं. मला शोधायला आल्या होत्या, आणि चक्कर आली. मीच म्हटलं, पडा जरा."

मी तिच्याकडं बघितलं. संध्याकाळी तिला गाडीत बसवणार होते मी, आणि ती माझी लाज राखत होती. त्यातही मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. चक्कर. मला. उद्या सगळी गल्ली विचारायला येईल, भागूआक्का थकल्या वाटतं, आता मागांचं कोण बघणार.

"चक्कर कुणाला आली?" मी म्हटलं. "झोपले होते मी."

"झोपला होता?" मालन म्हणाली. "हितं?"

"इथं."

"का वो?"

"झोप आली होती."

मालनला पुढचा प्रश्न सापडेना. तिनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी बसल्या बसल्या, वाकळेला शिवलेली, तिच्याकडं बघत राहिले, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मला कुठंही घाई नाही.

"बसतेस का?" मी विचारलं. "जागा आहे. वजन तुझंही कमी नाही."

"आमटी टाकायचीया मला," म्हणून ती निघाली. फाटकापर्यंत दोनदा मागं वळून बघितलं तिनं.

येसाक्कानं माझ्या पदराचे टाके ब्लेडनं उसवले. घाई केली नाही. एक एक दोरा काढला, पदर झटकला, माझ्या खांद्यावर नीट टाकला. लुगड्याला भोकंसुद्धा दिसत नव्हती. "वाकळ चांगली बसली आज," ती म्हणाली. "दोघी होता न्हवं." मी चपला घातल्या. वैजूनं रिकामा डबा उचलला.

आम्ही बाजारातून चाललो. उन्हं कलली होती, दुकानांपुढं पाणी शिंपडत होते, मातीचा वास येत होता. मी पुढं, ती मागं. मी काही बोलत नव्हते, आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ तिनं तिचा लावला असणार. कारण स्टँडकडं जाणारा रस्ता आला तशी ती थांबली.

"आत्ती," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "पिशवी सकाळीच भरून ठेवलीय मी. घरून घेऊन येऊ का, की कुणाकडून मागवू?"

म्हणजे सकाळी सगळं ऐकलं होतं तिनं. तरी डबा घेऊन गेली होती, आणि तरी तिथं जाऊन झोपली होती. उद्याची झोप मिळणार नाही हे ठाऊक असून आजची पुरी करून घेतली होती पोरीनं. मी रस्त्याच्या मधेच थांबले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं, तो बाजूनं गेला.

"पिशवीतले कपडे कपाटात ठेव," मी म्हटलं. "आणि आता सांगते ते नीट ऐक, दुसऱ्यांदा सांगणार नाही. तुझ्या झोपण्याला मी बोलत नाही, तुझ्या सांगण्याला बोलते. ऊन होतं, पाय दुखला, मोर्चा होता, सासूला चक्कर आली. चोरासारखी कारणं देतेस म्हणून त्या मालनला विचारायचं धाडस होतं. उद्यापासून डबा दिलास की सरळ बागेत जायचं आणि झोपायचं. दुपारी मी कुणाला हाका मारत बसत नाही, मला दुसरी कामं असतात. कुणी विचारलं, का झोपलीस, तर झोप आली म्हणायचं, एवढंच. वर एक शब्द नाही. आणि तेवढ्यानं त्याचं भागलं नाही, तर त्याला माझ्याकडं धाडून दे."